दिवाळीची नानकटाई : डब्याची मुदत आणि घराची रीत

आश्विन पौर्णिमेला नवपदांची ओळी पूर्ण होते आणि जैन घरांतील स्वयंपाकघराचे रूप पालटते. नऊ दिवस आयंबिलाचे रूक्ष अन्न जेथे शिजले, त्याच ओट्यावर दिवाळीच्या फराळाची भांडी येऊन बसतात. प्रभू महावीरांच्या निर्वाणाची अमावास्या अवघ्या पंधरा दिवसांवर आलेली असते. या पंधरवड्यात महाराष्ट्राच्या गावोगावी बेकरीच्या दाराशी एक दृश्य वर्षानुवर्षे दिसत आले आहे. डब्यात घरचे तूप, पिशवीत मैदा, वर पिठीसाखरेची पुडी आणि वेलची-जायफळाची पूड घेऊन घरोघरच्या स्त्रिया भट्टीपुढे आपल्या पाळीची वाट पाहत असतात. काही जणी पीठ घरूनच मळून परातीत आणतात. भट्टीवाला फक्त भाजणावळ घेतो. माल घरचा आणि चवही घरचीच. पत्र्यावरून उतरलेली नानकटाई गार झाली की डब्यात भरून घरी येते आणि त्या डब्याचे झाकण निर्वाण कल्याणकाची पूजा झाल्यावरच उघडते.

चंद्रपूरला लागून, ताडोबाकडे जाणाऱ्या वाटेवर वसलेल्या ऊर्जानगरातही दिवाळीपूर्वीचे दिवस भाजण्या-तळण्याच्या वासाने भरलेले असतात. येथल्या जैन घरांना भट्टीवरून सूर्यास्तापूर्वी परतायचे असते. एक कारण चौविहाराचे, दुसरे या परिसराचे. वीज केंद्राच्या आवारात आणि दुर्गापूरच्या वस्तीत वाघ-बिबट्याचा वावर ही येथे ऐकीव गोष्ट नाही. अंधार पडला की माणसे घरात असलेली बरी, हे लहान मुलालाही ठाऊक असते.

वसाहतीतले बिऱ्हाड

ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत. केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला; आज सात संचांची मिळून स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. या केंद्रामुळे कोकणापासून खानदेशापर्यंतची माणसे येथे आली. कोणी अभियंता, कोणी लेखापाल, कोणी तंत्रज्ञ. त्यांत सैतवाळ, बघेरवाल, ओसवाल अशा निरनिराळ्या ज्ञातींची जैन घरेही आली. चंद्रपूरच्या गोलबाजारात, देसाईगंज-आरमोरीच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या किराणा, कापड, धान्य यांचा व्यापार करणाऱ्या कुटुंबांशी त्यांचा परिचय देरासरात आणि स्थानकात झाला. एका घरची नानकटाई दुसऱ्या घरी गेली आणि तिसऱ्या घरची मठरी पहिल्या घरी आली.

परंतु वसाहतीचे घर हे शेवटी क्वार्टर असते. निवृत्ती आली की ते ठरल्या मुदतीत रिकामे करून द्यावे लागते. मुले तोवर पुणे, बंगळूरु, लंडन किंवा न्यू जर्सीला गेलेली असतात. व्यापारी घरांना क्वार्टर सोडावे लागत नाही, पण त्यांच्याही पेढीवर बसणारी पिढी आता चार शहरांत विखुरलेली आहे. सुटकेसमध्ये फोटो आणि कागदपत्रे जातात. भट्टी जात नाही, शेजार जात नाही आणि हाताला बसलेले माप तर बांधून देताच येत नाही. म्हणून प्रश्न उभा राहतो तो असा, की पुढच्या पिढीच्या दिवाळीत ही नानकटाई राहील ती कशी? आपण पाठविलेल्या डब्यातून की तिच्या स्वतःच्या हातून?

अंड्याविना भाजलेले पक्वान्न

नानकटाईचे माहेर सुरत मानले जाते. ‘नान’ हा फारसी शब्द रोटीचा. डच व्यापाऱ्यांनी सुरतेत चालविलेली बेकरी ते गेल्यावर फरामजी पेस्तनजी दोतीवाला या पारशी गृहस्थाकडे आली, अशी कथा तेथे सांगितली जाते. पावात ताडी आणि अंडे असल्याने स्थानिक गिऱ्हाईक तो घेईना. तेव्हा या दोन्ही गोष्टी वगळून तूप, साखर आणि पीठ यांचे भाजलेले पक्वान्न पुढे आले, असे त्या कथेचे सार आहे. दोतीवाला यांची बेकरी १८६१ पासूनची म्हणून ओळखली जाते आणि आजही सुरतेत चालू आहे.

जैन घरांनी हा पदार्थ सहज आपला का केला, याचे उत्तर त्याच्या घडणीतच आहे. त्यात अंडे नाही. पीठ आंबवावे लागत नाही. पाण्याचा थेंबही पडत नाही. तुपावरच गोळा बांधला जातो. कंदमुळाचा प्रश्नच येत नाही. चातुर्मासात ज्या घरांत सुकामेवा वर्ज्य असतो, तेथे नानकटाईच्या माथ्यावर पिस्ता दिसत नाही. वेलचीचे दोन दाणे किंवा केशराची काडी असते. गडचिरोलीच्या जंगलात पिकणारी चारोळी येथे घराघरांत असते, पण तीही कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या घाण्याची वाट पाहते.

भट्टीवरही काही नियम पाळावे लागतात. तेथे त्याच पत्र्यांवर अंड्याचे केकही भाजले जातात. म्हणून दक्ष गृहिणी आपले पत्रे घरून नेतात, सकाळचा पहिला घाणा मागून घेतात आणि वनस्पती तुपाचा वापर करू देत नाहीत.

पंधरा दिवसांचा हिशेब

आता मूळ अडचणीकडे वळू. आपल्याकडे भक्ष्याभक्ष्याचा विचार पदार्थापुरता थांबत नाही. त्याच्या काळाचाही हिशेब ठेवला जातो. श्वेतांबर परंपरेत मिठाई-पक्वान्नाचा काळ ऋतूप्रमाणे ठरलेला आहे. आषाढी चौदशीनंतर कार्तिकी चौदशीपर्यंत १५ दिवस, तेथून फाल्गुनी चौदशीपर्यंत ३० दिवस आणि पुढे आषाढीपर्यंत २० दिवस. दिवस मोजताना पदार्थ केला तो दिवसही धरतात. त्यापूर्वीच रंग, वास, चव वा स्पर्श बदलला, तर मुदत शिल्लक असूनही तो पदार्थ अभक्ष्य ठरतो. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा याहून कडक आहे : पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस. ही मर्यादा पाळणाऱ्या घरी बाजारचा मैदा येत नाही. घरघंटीवर दळलेले ताजे गव्हाचे पीठ आणि थोडे बेसन घेऊन नानकटाई होते आणि ती तीन दिवसांत संपविली जाते.

दिवाळी चातुर्मासात येते, म्हणजे सर्वांत आखूड मुदतीच्या काळात. आश्विन वद्य षष्ठीला भाजलेली नानकटाई कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, आपले पंधरा दिवस पूर्ण करते. घरात राहणाऱ्यांना ही मुदत पुरेशी आहे. वसुबारसेपासून ज्ञानपंचमीपर्यंतचा सारा सण तिच्यात बसतो आणि डबा रिकामा होतो. परदेशी जाणाऱ्या डब्याला मात्र ती पुरत नाही. चंद्रपूरहून नागपूर, तेथून मुंबई, मग विमान, तेथला सीमाशुल्क विभाग आणि शेवटी घरपोच वाटप. यात आठवडा-दोन आठवडे गेले, तर मुलीच्या हाती पडलेला डबा प्रेमाने भरलेला असतो, पण नियमाने उघडता येत नाही.

२०२५ च्या दिवाळीत तर याहून मोठा अडथळा आला. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले घेणे थांबविले. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला. दरवर्षी टपालाने फराळ पाठविणाऱ्या कुटुंबांपुढे खाजगी कुरिअरचा महाग मार्ग उरला, किंवा डबा न पाठविण्याचा. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तर बाहेरून आलेला प्रत्येक खाद्यपदार्थ आधी जाहीर करावा लागतो आणि तो सोडायचा की नष्ट करायचा हे तेथील अधिकारी ठरवितात.

व्यापारी माणसाला यातला बोध सांगावा लागत नाही. जो माल नाशवंत आहे, ज्याची वाहतूक आपल्या हाती नाही आणि ज्यावरचे शुल्क परके सरकार ठरविते, त्यावर घराची परंपरा उभी करू नये. डबा जरूर पाठवावा. पण कार्तिकी पौर्णिमेनंतर, शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन करून मग भाजलेला. तेव्हा त्याला ३० दिवसांची मुदत मिळते आणि चारोळीही घालता येते. दिवाळीची नानकटाई मात्र जेथे दिवाळी होणार, तेथेच भाजली गेली पाहिजे. त्यासाठी येथून जायचे ते माप आणि कृती.

अंदाजाचे वजन

येथे एक गमतीची विसंगती दिसते. आपली घरे व्यापाऱ्यांची. दुकानात केशर मिलिग्रॅममध्ये तोलतात, धान्याच्या पोत्याचा धडा केल्याखेरीज वजन मांडत नाहीत. आणि त्याच घरात नानकटाईची कृती विचारली, तर उत्तर येते, “तूप बसेल तेवढे घ्यायचे.” हे उत्तर खोटे नाही. चाळीस वर्षे पीठ मळलेल्या हाताला गोळा केव्हा बांधला जातो हे कळते. परंतु ती जाण हाताबरोबरच राहते आणि एक दिवस हाताबरोबरच जाते.

मराठी स्वयंपाकघराने हा पेच पूर्वीही सोडविला आहे. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि घरोघर पोहोचले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे त्यातील वाटी-चमच्याची नेमकी मापे. माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या मुलींना त्या मापांचा आधार मिळाला. आता वाटीच्याही पुढे जावे लागेल, कारण चंद्रपूरची वाटी आणि लंडनचा कप एक नव्हेत. ग्रॅम मात्र दोन्हीकडे सारखाच.

रीत सोपी आहे. ज्येष्ठ स्त्रीने नेहमीप्रमाणे अंदाजाने पीठ मळावे, तिला अडवू नये. फक्त प्रत्येक डबा तिच्या हाती देण्यापूर्वी एकदा तोलावा आणि परत आल्यावर पुन्हा तोलावा. दोहोंतील फरक हेच तिचे माप. साधारणपणे १ किलो मैद्याला अर्धा किलो पिठीसाखर आणि अर्धा किलो किंवा थोडे अधिक तूप असे प्रमाण आढळते. पण प्रत्येक घराचा फरक या ‘थोडे अधिक’मध्येच दडलेला असतो आणि तोच लिहून ठेवायचा असतो. तूप थिजलेले होते की सैल, ते किती वेळ फेसले, चंद्रपूरच्या ऑक्टोबरमधील उकाड्यात परात गार पाण्यावर ठेवावी लागली का, गोळी केवढी वळली, हेही लिहावे. गोळीच्या वजनाची नोंद केली, तर भाजण्याची वेळ आपोआप हाती येते.

ज्या भट्टीवर सारे अवलंबून होते, तीही आता कायमची नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना हवेच्या प्रदूषणाच्या कारणाने स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. आज ना उद्या इतर शहरांतही हेच होईल. तेव्हा भट्टीवाल्याच्या नजरेवर सोडलेली आच अंशांत उतरवून घेणे शहाणपणाचे. घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये १६० ते १७० अंश सेल्सिअसवर पंधरा ते वीस मिनिटे ही सुरुवात धरावी. माथ्यावर तडा गेला आणि तळ बदामी झाला की काढावी. ज्या गावातून महाराष्ट्राकडे वीज जाते, तेथल्या घराने तरी विजेच्या ओव्हनला परके मानू नये.

परदेशातील सामग्री

माप हाती आले तरी परदेशी दुकानातील सामग्री वेगळी असते. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराची खूण सांगतो. कंदमुळाविषयी तो काहीच सांगत नाही, हे आपण जाणतो. तेथे तर तो ठिपकाही नसतो. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

मैदा घेताना ब्रिटनमध्ये ‘सेल्फ रेझिंग’ पीठ टाळावे; त्यात फुगविणारी पावडर आधीच मिसळलेली असते आणि नानकटाई पसरून जाते. तयार पिठीसाखरेत बहुधा मक्याचे पीठ किंवा गुठळी न होऊ देणारी द्रव्ये असतात, म्हणून साखर घरीच दळावी. अमेरिकेत काही कारखाने उसाची साखर शुभ्र करताना प्राण्यांच्या हाडांचा कोळसा वापरतात. बीटच्या साखरेत तो दोष नाही, पण बीट हे कंदमूळ! यातून मार्ग म्हणजे ‘ऑरगॅनिक’ प्रमाणित उसाची साखर. तिच्या शुद्धीकरणात हाडांचा कोळसा चालत नाही. ‘ई ४७१’ असे लिहिलेले द्रव्य वनस्पतीपासून किंवा प्राण्यांच्या चरबीपासून, कशापासूनही केलेले असू शकते. उलगडा होत नसेल तर ते पाकीट परत ठेवावे.

तुपाऐवजी बटर घालण्याचा मोह तेथे फार होतो. बटरमध्ये सुमारे सहावा हिस्सा पाणी असते. त्याने नानकटाईचा खुसखुशीतपणा जातो आणि आपला ‘पाणी नसलेला पदार्थ’ हा आधारही जातो. शिवाय लोणी आपल्याकडे महाविगईंत गणले आहे. शास्त्र आणि स्वयंपाक येथे एकच सल्ला देतात : तूपच घ्यावे.

नातीचा प्रश्न

सर्वांत अवघड प्रश्न मात्र दुकानातून येत नाही, तो घरातून येतो. परदेशात वाढलेल्या जैन मुलामुलींत दूध-तूपही न घेणारे, म्हणजे व्हीगन, दिसू लागले आहेत. मोठ्या डेअऱ्यांत गायी-वासरांची जी अवस्था होते ती पाहून त्यांनी हा निर्णय घेतलेला असतो. नात फोनवर विचारते, “आजी, अहिंसा तुम्हीच शिकवलीत ना?” आणि शुद्ध तुपासाठी आयुष्यभर आग्रह धरलेली आजी क्षणभर निरुत्तर होते.

अशा वेळी रागावणे सोपे असते. परंतु नानकटाईचा इतिहासच या संवादाला उपयोगी पडतो. सुरतेच्या कथेप्रमाणे ती जन्मली तीच काही गोष्टी त्यागून. अंडे गेले, ताडी गेली आणि जे उरले ते जैनांच्या घरात आले. नात जो प्रश्न विचारते तो परंपरेच्या विरोधातला नाही. परंपरेने तिला दिलेल्या कसोटीवरच ती परंपरेला घासून पाहत आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजते, त्यामुळे थंड प्रदेशात त्यावर नानकटाईचा गोळा चांगला बांधला जातो. चव बदलते, हे खरे. आजीने आपला तुपाचा घाणा करावा, नातीने आपला. दोन्ही वह्यांत लिहावेत. ज्या घरात नियमाचे कारण विचारता येते, त्या घरात नियम टिकण्याची आशा अधिक असते. शंका उरल्यास चातुर्मासात जेथे साधू-साध्वी विराजमान असतील, तेथे वंदनाला जाऊन विचारावे.

चोपड्यातले एक पान

परंपरा मूळ प्रयोजन संपल्यावरही कशी टिकते, याचे उदाहरण आपल्या पेढ्यांवरच आहे. पूर्वी व्यापाऱ्याचे हिशेबी वर्ष दिवाळीला बदलत असे. १ एप्रिल १९८९ पासून आयकरासाठी सर्वांना एप्रिल ते मार्च हे एकच वर्ष लागू झाले. दिवाळीला नवी खातेवही उघडण्याचे व्यावहारिक कारण त्या दिवशी संपले. तरी चोपडापूजन थांबले नाही. आजही श्री, शुभ, लाभ लिहून गौतमस्वामींची लब्धी, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी, अभयकुमारांची बुद्धी यांचे स्मरण केले जाते, मग पुढचा सारा हिशेब संगणकात का होईना. लेखणी हाती घेऊन पहिले अक्षर दरवर्षी कोणीतरी लिहिते, म्हणून ती रीत जिवंत आहे.

त्याच चोपड्याचे एक पान घराच्या कृतींसाठी राखून ठेवता येईल. डाव्या बाजूला गेल्या वर्षीचे माप, उजव्या बाजूला या वर्षी काय बदलले ते. कोणी केले, कोठे केले, कोणत्या तिथीला भाजले आणि मुदत कधी संपली. लंडनच्या घरी झालेला घाणाही त्यातच नोंदवावा. माहेरून आलेली कृती असेल तर तिच्यापुढे त्या माहेरचे नाव लिहावे. कारण घराची म्हणून मिरविली जाणारी चव बहुधा एखाद्या सुनेने आपल्याबरोबर आणलेली असते आणि ते नाव विसरले जाते. आणि हे पान केवळ मुली-सुनांसाठी नसावे. मुलगे परदेशात एकटे राहतात, तेही ओव्हनपुढे उभे राहू शकतात.

एकत्र करण्यासाठी वेळही जुळवावी लागते, आणि ती दोन्हीकडे सूर्य असतानाची हवी. ऑक्टोबरच्या मध्यास येथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा लंडनमध्ये सकाळचे साडेनऊ असतात. ही उत्तम वेळ. न्यू जर्सीत सकाळचे साडेसात म्हणजे येथे सायंकाळचे पाच. सूर्यास्ताला पाऊण तास असतो, तेवढ्यात घाणा आटोपतो. उत्तर अमेरिकेतील जैन संस्थांचा ‘जैना’ हा महासंघ १९८१ पासून कार्यरत आहे आणि तेथील केंद्रांतून मुलांच्या पाठशाळा चालतात. दिवाळीआधीच्या एखाद्या पाठशाळेत भक्ष्याभक्ष्याचा धडा ओव्हनसमोर उभे राहून झाला, तर तो मुलांच्या अधिक लक्षात राहील.

यंदाच्या ओळीचे पारणे झाले की वजनकाटा दुकानातून एक दिवस घरी आणावा. आजीला परात द्यावी, नातवाला वही द्यावी आणि फोन ओट्यावर उभा करून ठेवावा. तिकडे दूर कोणाच्या तरी ओव्हनमध्ये त्याच वेळी दुसरा घाणा चढलेला असेल. दोन्हीकडची नानकटाई पंधरा दिवसांत संपून जाईल, संपलीच पाहिजे. पुढच्या आश्विनात ती पुन्हा कशी करायची, हे तोवर दोन्ही घरांना ठाऊक झालेले असेल.